जागा धरायची

"गाडी धरायची न्हाई, जागा धरायची," म्हणत मामा डांबरावर चुन्याची रेघ ओढायचे. तुम्हीही त्यांना कोरेगावच्या रस्त्याकडेला कॅमेरा घेऊन गुडघा टेकून बसलेलं पाहिलं असेल आणि हसला असाल. मीही हसायचो.

मी गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला. नव्या गाडीची पूजा झाली की फोटोला मामा ठरलेले. त्यांची लेन्स जुनी, हाताने फिरवायची. रेघ स्वच्छ दिसेपर्यंत ते लेन्सचं कडं फिरवायचे, मग त्याला हात लावायचे नाहीत. पळत्या गाडीचं चाक रेघेवर आलं की खटका दाबायचे.

"आवं मामा, गाडी उभी करून काढा की," मी म्हणायचो.

"उभ्या गाडीचा फोटू म्हंजे सातबारा. मालकी कळती, आनंद न्हाई कळत."

वडूजच्या एका निवृत्त सुभेदारांना त्यांनी सात फेऱ्या मारायला लावल्या. शेजारी बसलेल्या काकू पार वैतागल्या. फोटोत मात्र मागचं रान सगळं वाहून गेलेलं आणि सुभेदारांच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट. एवढा करडा माणूस, पण दात दाखवून हसत होता. तो फोटो त्यांनी पदकांच्या वर लावला.

त्या दिवशी मामा चुन्याचा डबा घरी विसरले. आटपाडीचं गिऱ्हाईक नवी गाडी वळवून आणायला पुढे गेलं होतं.

"खूण पायजे गड्या. नुसत्या डांबरावर नजर ठरत न्हाई."

पूजेच्या ताटात एक लिंबू उरलं होतं. मी ते रस्त्यात नेऊन ठेवलं.

"झ्याक," मामा म्हणाले. "पिवळं लय उठून दिसतंय."

जन्म गेला आमचा इथे. मोकळ्या रस्त्यात लिंबू दिसलं की आपण काय समजतो, तुम्हीच सांगा. आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही, याचा धक्का मला अजून पचलेला नाही. गाडी वेगात आली. कुणाचा तरी उतारा, तो नव्या गाडीने कसा ओलांडायचा, म्हणून त्या माणसाने ऐन वेळी स्टिअरिंग फिरवलं, ते मामांच्या बाजूला. मी ओरडलो. मामांचा डोळा लिंबावर होता.

मामा जागीच गेले. तो माणूस रस्त्यावर बसून एकच म्हणत राहिला, "उतारा हुता वो, उतारा हुता." लिंबाला काहीसुद्धा झालं नव्हतं. लोक जमायच्या आत मी ते उचलून खिशात घातलं.

तेराव्यानंतर कॅमेरा द्यायला गेलो. मामींनी शेवटचा फोटो बघायला मागितला. कडेला गाडीचा नुसता फराटा, बाकी रस्ता मोकळा, आणि मध्ये लिंबू, सालीवरचा ठिपका न् ठिपका दिसणारं. मामींनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"लिंबू मातुर लय सुरेख आलंय," त्या म्हणाल्या. "कुणी टाकलं आसंल रं?"

"काय म्हाईत," मी म्हणालो.