गरम पाण्याचा टब आणि गमरे

गमरेंना हाक मारून काही उपयोग नसे. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे असायचे. हाक ऐकली की फक्त डावा हात वर. थांबा, पंप बोलतोय. मी कमिटीवर नवीन होते आणि त्या हाताचा मला भयंकर राग यायचा.

मानखुर्दहून सकाळी सहाला येणारा हा शिडशिडीत माणूस स्विमिंग पूल आणि त्याला लागून असलेला गरम पाण्याचा टब सांभाळायचा. टब इतरांसाठी चैन होती, माझ्या आईसाठी औषध. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर जमिनीवर चार पावलं टाकताना ती रडायची, पण कमरेभर गरम पाण्यात कठडा धरून चालायची.

मग जुना पंप जळला. कमिटीने वेग कमीजास्त होणारा, वीज वाचवणारा नवा पंप आणला आणि गमरेंनी तो जुन्याच कंट्रोल पॅनेलला जोडला. टबचं बटण दाबलं की पंप बंद पडे, पुन्हा सुरू होऊन मनाला येईल तसा पळे, मग इतका मंदावे की हीटरच बंद. पाणी गारढोण. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, पॅनेल जुनं आहे, सगळं बदला. अध्यक्षांनी त्याहून सोपी वाट काढली: टबात माती भरून झाडं लावायची. रविवारी ठराव होणार होता. हे घरी सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, “मग आता मी खाली कशाला उतरू?”

मी तो राग घेऊन थेट पंपरूममध्ये गेले.

“चूक माझीच आहे, ताई,” गमरे म्हणाले. “जुन्यासारखीच वायर जोडली मी. तो लाइट दिली की फिरायचा, काढली की थांबायचा. ह्याला स्वतःचं डोकं आहे. लाइट तोडली की पहिल्यापासून सुरू करतो.”

“म्हणजे पॅनेल बदलायचं?”

“कशाला? म्हातारं शाबूत आहे. पंपाला लाइट वेगळी देऊ, चोवीस तास. म्हाताऱ्याने फक्त इशारा करायचा. आता ते पुस्तक घ्या. इंग्रजी तुम्ही वाचा, अर्थ मी लावतो.”

हे आमचं पुढे ठरूनच गेलं. उकाड्यात स्टुलावर बसून मी पंपाचं माहितीपुस्तक मोठ्याने वाचायचे आणि ते मध्येच “परत” म्हणायचे. शाळेतही मी एखादा धडा इतक्या वेळा वाचला नव्हता. गुरुवारी पॅनेलची वायर पंपाच्या इशाऱ्याच्या जागी लावता लावता ते थबकले आणि आधी मीटर लावून पाहिला. वायरमध्ये पूर्ण करंट. “ही तशीच जोडली असती तर नव्या पंपाची वाट लागली असती,” म्हणाले आणि मध्ये एक छोटा रिले बसवला, म्हणजे वायरीतला करंट अडेल आणि पंपाला नुसता इशारा पोचेल. शुक्रवारभर ते वेग थोडा थोडा वाढवत राहिले आणि कोणत्या वेगाला हीटर चालू राहतो ते मार्करने भिंतीवर लिहीत गेले. अध्यक्ष डोकावले. “गमरे, सोडा आता. झाडं सांगितलीत.”

“येऊ द्या ना साहेब. गेटजवळ शोभतील.”

शनिवारी दुपारी बटण दाबलं. पंप थांबला नाही, फक्त त्याचा आवाज चढला. तासाभराने पाणी गरम झालं. आई टबात उतरली आणि तिने तीन फेऱ्या मारल्या. गमरे तोवर अदबीने पाठ करून उभे होते. मला रडू आवरलं नाही. ठराव अर्थातच बारगळला.

त्या वर्षाअखेरीस गमरे निवृत्त झाले. पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी नव्या पंपाचं, वाचलेल्या विजेचं तोंडभर कौतुक केलं. माणसाचं नाव नाही. तेव्हा मागच्या रांगेतून आई उभी राहिली आणि म्हणाली, “टब गमरेंनी चालू केला. तसं लिहा.”

मी त्यांना फोन केला. ते आजारी होते, आवाज खोल गेलेला. त्या आजारातून ते उठले नाहीत. ते आमचं शेवटचं बोलणं. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आई सभेत उभी राहून बोलली आणि वृत्तांतात त्यांचं नाव आलं.

“ते राहू द्या,” गमरे म्हणाले. “आई कशाला धरून उभ्या राहिल्या?”

“कशालाच नाही.”



“परत सांगा,” ते म्हणाले.