चैत्रातलं तळाचं पाणी

माजिवड्याच्या तळ्याचं पाणी कुठल्या महिन्यात कसं वागतं, हे धाकूला जेवढं ठाऊक होतं तेवढं स्वतःच्या बायकोचं वागणं ठाऊक नव्हतं. श्रावणात पाणी गढूळ, पायाला शेवाळ गुंडाळतं; तेव्हा आपलं कडेकडेनंच पोहावं. मार्गशीर्षात पहाटे बाहेर हुडहुडी भरते, पण पाण्यात शिरलं की ऊब. माघात सगळं तळं वरपासून खालपर्यंत सारखंच गार. आणि चैत्रात वरचं पाणी असं तापतं की अंघोळीला चूल पेटवायला नको. पण बुडी मारून दोन पुरुष खोल गेलं की माणूस एकदम गारव्यात शिरतो. नवख्याच्या पायात गोळा येतो तो तिथंच.

आगगाडी ठाण्याला येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. धाकू मिठागरावर मीठ ओढायचा. खाऱ्या पाण्यानं तळपाय फुटलेले, बोलणं तुसडं. एरवी गावात त्याला कोण विचारतंय? पण चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी तोच धाकू राजा असायचा. त्या दिवशी गावदेवीला तळ्याच्या तळातल्या गार पाण्यानं अंघोळ घालायची रीत होती. उन्हाळ्यानं देवीच्या अंगाची आग होते, तिला वरचं ऊन पाणी कसं चालेल? म्हणून कमरेला धोंडा बांधून, हातात बूच लावलेला तांब्याचा चंबू घेऊन एकानं खाली जायचं, तळाशी बूच काढून पाणी भरायचं आणि बूच पुन्हा लावून, धोंडा सोडून वर यायचं. काठावर सखुबाई, देवीची म्हातारी पुजारीण, पाण्यात बोटं घालून बघायची. ती ‘थंड’ म्हणाली की ढोल वाजायचा, मग चंबू डोक्यावर घेऊन बुडी मारणारा पुढं आणि सगळा गाव मागं. हा मान धाकूच्या बापाचा. बापामागं तो धाकूकडं आला. गाव त्याला बुडी मारताना बघायचा, पण पाण्याखाली गारवा नेमका कुठं, हे बापानं त्याला एकट्यालाच सांगितलेलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात शहाडचा नाथा, गावातल्या रघूचा जावई, सासुरवाडीला राहायला आला.

उल्हास नदीत वाढलेला गडी तो. शिमग्याला तळ्यात म्हशीचं रेडकू फसलं, तर यानं एका दमात जाऊन त्याला ओढत आणलं. झालं, गावाला दुसरा विषयच उरला नाही. पाणवठ्यावर नाथा, मिठागरावर नाथा. धाकूनं कान बंद करायचे तरी किती? एका रात्री भाकरी वाढता वाढता त्याची बायको मालन बोलून गेली, “नाथाचा दम भारी हाय हां. तुमचा होता ना आधी, तसा.”

‘होता’ म्हणे. धाकूनं ताट सरकवलं आणि तसाच अंगणात जाऊन पडला. पोरगा वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण हा मेला दिसेल तिथं वाकून ‘मामा, मामा’ करायचा. त्यानं तर धाकूचा अधिकच तिळपापड व्हायचा.

जत्रा जवळ आली आणि गावकीनं ठरवलं, यंदा नाथाला उतरवू. धाकूचं वय झालं, त्याला आता आराम. आराम म्हणे! धाकू उठून घरी निघून गेला. बोलला असता तर रडूच आलं असतं.

जत्रेच्या सकाळी नाथा चंबू घेऊन त्याच्याकडंच आला. “मामा, नदीचं पानी मना कळतं, तलावाचं नाय कळत. गार पानी कुठं गावंल?”

धाकूनं क्षणभर बांधाकडं पाहिलं. बांधाच्या पोटाशी, पाणी सोडायच्या मोरीच्या मोठ्या धोंड्याखाली, तिथं झरे होते. मग त्यानं हात लांब केला तो थेट तळ्याच्या मध्यावर. “तिथं. जाम खोल हाय.” तिथं गाळ होता, जेमतेम पुरुषभर पाण्याखाली.

नाथा पोहत गेला, बुडाला, आणि वर आला तो कोपरापर्यंत चिखलानं माखलेला. सखुबाईनं चंबूत बोटं घातली. “ऊन हाय रे बाबा.” माणसं कुजबुजली. नाथानं मान खाली घातली, आणि धाकूच्या छातीत जे काही फुललं ते काय सांगावं. पोरासारखा खूश झाला गडी. धोतर खोचून पुढं झाला, धोंडा बांधला आणि मोरीपाशी बुडी मारली.

खाली जाताना कान ठणकायला लागले. अजून ऊनच पाणी. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. पायाच्या बोटांना गारवा नुसता चाटून गेला, आणि दम संपला. त्यानं तिथंच बूच काढलं. गेल्या दोन-तीन सालांतही असंच काढलं होतं. देवीला काय कळतंय, असं म्हणायचा, आणि सखुबाई ‘थंड’ म्हणाली की स्वतःलाही ते पटायचं.

सखुबाईनं चंबूत बोटं घातली आणि तशीच ठेवली. मग त्याला जवळ ओढून कानाशी बोलली, “धाकू, दोन-तीन सालं झाली, तू असंच आणतंस. तुझ्या बापाकडं बघून मी थंड बोलते. आजपन बोलू काय? तू सांग.”

म्हणजे म्हातारीला ठाऊक होतं. ज्या मानासाठी तो रात्ररात्र जळत होता, तो मान त्याचा उरलाच नव्हता, म्हातारीनं तो भीक म्हणून घातलेला होता. ‘बोल’ एवढं म्हटलं की झालं, ढोल वाजला असता. तिकडं नाथा बांधावर उभा होता, हाताचा चिखल वाळत चाललेला. धाकूच्या ओठांवर ‘बोल’ आलंही होतं.

त्यानं चंबू उलटा केला. पाणी बांधावर सांडलं.

“ए शहाडकर,” तो खेकसला, नाव घ्यायला जीभ रेटेना, “मोरीच्या धोंड्याखाली जा. मघाशी चुकीचं सांगितलं मी. कान फुटले तरी बूच काढू नको. पाय बधिर झाले की मग काढ.”

नाथा गेला. पाण्यावरचे तरंग विरले तरी वर येईना. येऊच नये, असं धाकूच्या मनात येऊन गेलं. आणि पुढच्याच क्षणी तो गुडघाभर पाण्यात शिरला. तेवढ्यात धोंड्याजवळ डोकं वर आलं.

“थंड,” सखुबाई म्हणाली. ढोल सुरू झाला. नाथानं चंबू धाकूपुढं धरला. “देवळापर्यंत तुम्ही न्या, मामा.”

नको म्हणावं असं धाकूला फार वाटलं. पण त्यानं चंबू डोक्यावर घेतला आणि चालू लागला. मागून लोक नाथाचं नाव घेत होते, एकेक हाक काळजात रुतत होती. चंबू हिंदकळला आणि पाणी मानेवरून पाठीवर ओघळलं. सर्रकन काटा आला अंगावर. एवढं गार पाणी असतं, हे तो विसरूनच गेला होता.