विहिणीचा दुसरा पाय

मी पाय बनवते. पाय, हात, पाठीचे पट्टे, पोलिओवाल्यांचे कॅलिपर, सगळंच; पण लोकांच्या लक्षात पाय राहतात. माझं लग्न जमवायच्या दिवसांत मध्यस्थांची मोठी पंचाईत व्हायची. "मुलगी काय करते?" या प्रश्नाला "पाय बनवते" असं उत्तर आलं की समोरच्यांचा कप हवेतच थांबायचा. नांदगावची आत्या तर सरळ "दवाखान्यात असते" असं सांगून चिवड्याकडे वळायची. मला भयंकर राग यायचा. मी तेव्हाही रागीट होते आणि आताही आहे, नाशिकमधल्या माझ्या वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या कामावर मात्र मी कधी चिडले नाही. माणूस कुबड्यांवर आत येतो आणि चालत बाहेर जातो. याहून आनंदाचा धंदा असला तर मला दाखवा.

नवीन माणूस आला की मी पहिल्यांदा विचारते, "पाय कशासाठी हवाय?" नुसतं "चालायला" असं कोणी म्हणत नाही. मनमाडचे एक निवृत्त रेल्वेवाले काका म्हणाले होते, "सकाळचा चहा फलाटावर उभं राहून प्यायचाय. बसून प्यायला की तो घरचा लागतो." अशी उत्तरं मला फार आवडतात.

एका चैत्रात फुलशेतीवाल्या एक मावशी आल्या. शहराबाहेर त्यांचा गुलाब आणि झेंडू होता. गुलाबाचाच काटा पायात मोडला, अंगात साखर होती, जखम चिघळली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "काट्याचा नायटा म्हणत्यात ना ताई, तो माझाच झाला," असं त्या स्वतःच म्हणाल्या आणि हसल्या. मग आवाज बारीक करून त्यांनी खरी तक्रार सांगितली. गेलेल्या पायाचा अंगठा त्यांना खाजत होता. घरी बोलल्या तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "मावशी, डोकं अगदी ठिकाणावर आहे तुमचं. हे पुष्कळांना होतं. पाय गेल्याचं मेंदूला अजून कोणी कळवलेलं नाही."

"मंग नका कळवू," मावशी म्हणाल्या.

पाय कशासाठी हवा, याचं उत्तर त्या तयारच घेऊन आल्या होत्या. वैशाखात मुलाचं लग्न होतं. मांडवात मुलीची आई पायघड्या अंथरून मुलाच्या आईला चौरंगापर्यंत आणते आणि सगळ्यांदेखत तिचे पाय धुते. हा विहिणीचा मान. पण घरातल्या धाकट्या जावेने गोड आवाजात सुचवलं होतं, "आक्का, तुमी आपलं खुर्चीत बसा. पायघड्यांवरून मी येते. एका पायाचं त्या काय धुतील?"

"लेक माझा आन् पाय धुवायचे जावंचे?" मावशींचे डोळे भरून आले, पण आवाज करडाच होता. "मला पाय पायजे ताई. आन् दोन्ही धुवून घ्यायचेत."

त्या क्षणी ती जाऊ न बघताच माझी नावडती झाली. मी लगेच साच्यासाठी प्लास्टर भिजवायला घेतलं.

ट्रायलला लोक आमच्याकडे मुलगी बघायला निघाल्यासारखे नटून येतात. येताना नेहमीच्या वापरातली चप्पल आणा, असं मी बजावून सांगते, कारण टाचेच्या उंचीप्रमाणे पाऊल बसवावं लागतं. मावशी गोंड्याच्या पदराची साडी नेसून आल्या आणि पिशवीतून त्यांनी उंच टाचेची सोनेरी सँडल काढली. जन्मभर रबरी स्लिपर घातलेली बाई. पाय नवा, लग्न घरचं, मग सँडल जुनी कशाला, म्हणून सगळं घर मेन रोडला जाऊन ती घेऊन आलं होतं. मी कपाळाला हात लावला. समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्या सँडलच्या मापाने पाऊल बसवून दिलं. मावशी चालण्याच्या सरावाच्या दोन आडव्या दांड्यांमधून काय ऐटीत चालल्या!

मग मी म्हटलं, "आता मांडवात आलात. सँडल काढा."

त्यांनी काढली, एक पाऊल टाकलं आणि मागून कोणी पदर ओढल्यासारख्या मागे कलल्या. टाचेखालचा आधार गेला होता. मी त्यांना धरलं. पायघड्यांवर अनवाणी चालायचं असतं, हे त्यांच्या घरात एकालाही सुचलं नव्हतं. ज्या पुस्तकांतून मी शिकले, त्यांतली माणसं बूट घालून उठतात आणि बूट घालून फिरतात. आपल्याकडे देऊळ, स्वयंपाकघर, पंगत, मांडव, जिथे जिथे म्हणून जीव अडकलेला असतो तिथे चप्पल बाहेर. मावशींनी सँडल पुन्हा पिशवीत टाकली. "जावंला देते," म्हणाल्या. "तिची उंची कमी हाय."

मी पाऊल पुन्हा अनवाणी चालीचं बसवलं. पाण्याने बिघडणार नाही असं रबरी पाऊल होतं. पण पायघड्या म्हणजे कापड, आणि कापडावर रबर सटकतं की काय, ही धास्ती मला होती. म्हणून वर्कशॉपमध्येच लग्न काढलं. दांड्यांमध्ये माझ्या जुन्या साड्या अंथरल्या. मनमाडचे काका त्या दिवशी पट्टा बदलायला आले होते. ते डोक्यावर टॉवेल घेऊन मुलीची आई झाले. "या विहिणबाई, या," म्हणत हातात पाण्याचा मग घेऊन वाकले, तर त्यांच्याच पायाचा सांधा करकरला. "आधी तुमाला तेल घाला," मावशी म्हणाल्या. मानेचा पट्टा लावून बसलेली एक बाई हसता हसता मान धरून ओरडली. मलाही हसू आवरेना. त्या गोंधळात मावशींचं पाऊल साडीवर सटकलंच, म्हणून मी तळव्याला खरखरीत रबराचा पातळ थर चिकटवला. मग त्या साडीवरून सरळ चालत गेल्या, काकांच्या मगापर्यंत.

जाताना त्यांनी पदराची गाठ सोडली. आत डाव्या पायातली जोडवी होती. "ही बसत्याल का?" त्यांनी विचारलं. पावलाची बोटं एकमेकांना चिकटलेली होती. मी मशीनवर बसून अंगठ्याशेजारचं बोट कोरून मोकळं केलं आणि जोडवी घातली. हे काम कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, पण मी ते फार मन लावून केलं.

लग्न एका लॉन्सवर होतं. ऊन रणरणत होतं. मी मांडवात अगदी पुढे जागा धरून उभी राहिले. माझ्या शेजारी सोनेरी सँडल हातात घेऊन एक ठेंगणी बाई होती, म्हणजे जाऊबाई. डीजे थांबला. पायघड्या पडल्या. मावशी निघाल्या, कोणाचा हात न धरता. माझी नजर त्या खरखरीत तळव्यावर. एकदाही सटकला नाही. चौरंगापाशी पोचून त्या बसल्या तेव्हा कुठे मी मान वर केली.

मुलीची आई परात आणि तांब्या घेऊन खाली बसली. घाईत कोणीतरी तो तांब्या पिण्याच्या गारेगार जारमधून भरून आणला होता. उजव्या पायावर धार पडताच मावशी "अगं आई" करत दचकल्या. बायका हसल्या. पाय पुसून झाला, हळदीकुंकू लागलं. आणि मग विहिणीचा हात थांबला. डावा पाय खोटा आहे हे तिला ठाऊक होतं. धुवावा तर वाईट वाटेल का, न धुवावा तर मान चुकेल का, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या शेजारी सँडलचा पट्टा करकरला. मी पुढे व्हायला निघाले.

मावशींनी आपण होऊन डावा पाय उचलला आणि परातीत ठेवला. जोडवी वाजली.

विहिणीने दोन्ही हातांनी तो पाय धरला. बोटांच्या बेचक्यांतून धुतला, जोडव्यांखालून पुसला. आणि हाताला सवयच ती, खाली बघत तिने विचारलं, "पानी लय गार नाय ना हो?"

मांडवात कोणी हसलं नाही.

"हाय गार," मावशी म्हणाल्या. "पन उन्हाचं बरं वाटतंय."

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की कुंकू भलत्याच बोटाला लागलं. मी रडत होते, आणि जाऊबाईंनी मला रुमाल दिला, हेही सांगायला हवं.

पंगतीत मी मावशींच्या कानाशी लागले. "विहिणीची काय लाज राखलीत हो," म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे, एवढी शिकलेली बाई असं कसं बोलते, अशा नजरेने बघितलं. "लाज कसली राखायची?" त्या म्हणाल्या. "ताई, अंगठ्याला गार लागलं."