छपरावरचे सहा दगड

निवृत्त झाल्यावर करमाडजवळच्या आमच्या घरामागं, बागेत, मी एक लाकडी खोली बांधायला काढली. लोकांना सांगताना ‘अभ्यासिका’ म्हणायचो. दुपारी कुणी न उठवता झोपता यावं, हाच काय तो अभ्यास. बायकोला मात्र तीच खोली शिवणकामासाठी हवी होती. गावातल्या बायका तिच्याकडं ब्लाउज शिवायला येतात आणि स्वयंपाकघरात उभ्या राहून माप देतात. बरीच वादावादी झाल्यावर तिनं अट घातली, “छप्पर तुमच्या पसंतीचं घाला. पण मिस्त्री पाणी मारून बघंल तवा एक थेंब जरी आत आला, तर खोली माझी.”

मी कामाला लागलो. महिनाभर शहरातली दुकानं पालथी घातली. साधा प्लाय भिजला की फुगतो, म्हणून मरीन प्लाय घेतला. पत्रा पावसात ताशा वाजवतो आणि माझ्या झोपेचा प्रश्न होता, म्हणून पत्रा बाद. शेवटी प्लायवर चिकटवायची जाड डांबरी शीट पसंत पडली. पसंत करताना मीच दुकानदाराला तिची माहिती देत होतो. मिस्त्रीनं मागचा कागद सोलत शीट बसवली आणि चार दिवसांनी पाणी मारू म्हणून गेला.

दुसऱ्याच दिवशी जोराचं वारं सुटलं. शीट चिकटलेली आहे, उडायची नाही, हे मीच सगळ्यांना ऐकवलं होतं. पण माझं लहानपण फुलंब्रीकडं पत्र्याच्या घरात गेलं. वारं आलं की पत्र्यावर दगड ठेवायचे, हे अंगात भिनलेलं. बायकोची नजर चुकवून शिडी लावली आणि सहा चांगले टोकदार दगड वर मांडून आलो. छपराच्या कडेला पट्टी होती, त्यामुळं खालून काही दिसत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्री शिडी आणायला गेला, तोवर बायकोनंच पाइप हातात घेतला. मी आत खुर्ची टाकून ऐटीत पेपर वाचत बसलो. पाचच मिनिटांत पेपरवर टपकन थेंब पडला. मी चटकन पुढं सरकून दुसरा थेंब टकलावर झेलला.

“गळतंय का वो?” बाहेरून आवाज आला.

“नाय!”

तिसरा, चौथा. ओघळ कानामागून सदऱ्यात उतरला. तेवढ्यात ती दारात येऊन उभी राहिली.

“घाम लई आलाय तुम्हाला,” ती म्हणाली.

मिस्त्री वर चढला. “साब, ये फत्तरां कायकू रक्खे? धूप में डांबर नरम पड गया, प्लाय के जोड पे फत्तरां अंदर घुस गए!”

माकडांवर ढकलता आलं असतं. पण बायको बघत होती. “मीच ठेवले,” म्हणालो. खोली गेली, आणि मला मनापासून वाईट वाटलं.

मिस्त्रीनं ठिगळं लावली. संध्याकाळी तिनं विचारलं, “मशीन उचलू लागता का?”

शिलाई मशीन स्वयंपाकघरातल्या मोरीला लागूनच होती. भांड्यांचं पाणी उडू नये म्हणून तिनं खताच्या गोणीतलं प्लास्टिक त्यावर घालून चारी बाजूंनी सुतळीनं आवळलं होतं. आमच्या लग्नापासून मशीन तिथंच आहे. मी रोज तिथंच हात धुतो. मला लाज वाटली. निदान गाठ तरी सोडावी म्हणून खाली वाकलो, पण ती मला सुटेना. तिनं मला बाजूला केलं आणि न बघता, एका हातानं सोडली.