मधोमधची शिवण

माझी मावशी गादीवाल्याच्या दुकानात मशीनवर बसायची. गाद्यांचे अभ्रे, खुर्च्यांची कव्हरं, असलं जाड शिवणकाम. दुकानाच्या वर एक चित्रकार राहायचा. गल्ली त्याला रंगोबा म्हणायची. मावशी मात्र नुसतं 'ते' म्हणायची, आणि मग आई तिच्याकडे डोळे वटारून बघायची.

रंगोबाला चित्रं काढायची होती भिंतीएवढी, आणि खिसा तर फाटका. तो दुकानातले उरलेले जाड कापडाचे तुकडे न्यायचा. मावशी ते दोन-दोन जोडून द्यायची. मधोमध आडवी शिवण यायची. ती लपणार थोडीच, म्हणून त्याने शिवणीच्या वर एक रंग लावला, खाली दुसरा. वर गेरूसारखा तांबडा, खाली काळपट हिरवा. ना माणूस, ना झाड. अकरा वर्षं हेच चाललं. तेवढ्या वर्षांत मावशीने दोन चांगली स्थळं परतवली. मग एक दिवस तो मोठ्या शहरात गेला. "पत्र पाठवतो," म्हणाला. एकही आलं नाही. पुढे तो वारल्याचंही आम्हाला पेपरातूनच कळलं.

परवा मी तिला सरकारी संग्रहालयात घेऊन गेले. त्याच्या चित्रांना तिथे अख्खं दालन दिलंय. वाटेत तिने एकच विचारलं, "त्यांना माझी कधी आठवण आली असेल का गं?" "उतरायचं आलं, पिशवी घे," मी म्हटलं.

पहिल्या चित्राखाली पाटी होती: मधली शिवण म्हणजे दुभंगलेला काळ. मला रागच आला. दुभंगलेला काळ कसला, कापड पुरत नव्हतं. मावशी मात्र हसली. "शिकलेली माणसं म्हणतात तर असेल," म्हणाली, आणि सालवार एकेका चित्रापुढे उभी राहत गेली. आपली प्रत्येक शिवण तिने ओळखली. ही सुई बोथट झाली होती तेव्हाची, ही नवं मशीन आलं तेव्हाची.

मग शहरात काढलेली चित्रं लागली. मोठ्या पन्ह्याचं, अखंड, महागाचं कापड. शिवण नाहीच. रंगही एकमेकांत मिसळलेले. ती भिंत मावशीने भरभर मागे टाकली. मला वाटलं, झालं, आता घरी जाऊन हिची समजूत काढत बसा.

शेवटचं चित्र तो वारला त्या वर्षीचं होतं. कापड तेच मोठ्या पन्ह्याचं, पण मधोमध कापलेलं आणि पुन्हा जोडलेलं, हाताने. टाके वेडेवाकडे, एक लांब, एक आखूड, एका जागी दोऱ्याचा नुसता गुंता. मावशी इतकी जवळ गेली की पहारेकरीण खुर्चीतून उठली.

"आजी, जरा मागे व्हा."

मावशी मागे झाली, पण नजर टाक्यांवरच. "दोरा दुहेरी घ्यायचा असतो, एवढंही यांच्या लक्षात राहिलं नाही," ती पुटपुटली. मग तिने माझा हात घट्ट धरला.

"मला बोलवायचं होतं गं. एक ओळ लिहायची. मी आले असते."