धुराड्याची टोपी

कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण शेजारच्या दर्शनाचं मी करते, आणि अगदी मनापासून करते.

दर्शना मिरजोळ्याला पत्राकामाच्या कारखान्यात आहे. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा. वडील रामजी गेल्यापासून घरात ती आणि तिची आई सीताबाई, दोघीच. भाऊ केतन मुंबईला असतो. घरात गॅस आहे, पण सीताबाईंची पेज, भाकरी, अंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर. त्यावर कुणी बोलायचं नाही. मी एकदा बोलले, तर बाईंनी माझ्याशी अबोला धरला.

घोडं अडलं होतं धुराड्यात. धुराडं चिऱ्याचं, आणि त्याच्या माथ्यावरचं सिमेंट खाऱ्या वाऱ्याने तडकलेलं. पावसात चिरा पाणी प्यायचा, भिंत झिरपायची, चूल विझायची. मग आपल्याकडे सगळे करतात तेच ह्याही करायच्या. मिरगाच्या आधी धुराड्याच्या तोंडावर निळी ताडपत्री आवळायची. पाणी बंद, आणि धूरही बंद! तो सगळा सीताबाईंच्या छातीत. गेल्या पावसाळ्यात खोकून खोकून बाई अर्धी झाली. केतनने निक्षून सांगितलं, "यंदा खोकला लागला की आईला घेऊन जाणार, कायमची." तेव्हापासून सीताबाईंना अन्न गोड लागेना.

दर्शनाने मे महिन्यात काम काढलं. तडकलेला माथा फोडून नवा घातला. त्याला बाहेरच्या अंगाला उतार दिला आणि कडा भिंतीच्या पुढे काढल्या, म्हणजे पाणी चिऱ्यावरून न ओघळता पागोळीसारखं लांब पडावं. वर अ‍ॅल्युमिनियमची टोपी बसवली, तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी. बाईमाणूस कौलांवर चढलं म्हणून वाडीतले चार रिकामटेकडे माना वर करून उभे. मी विचारलं, "तुमची कौलं शाकारून झाली वाटतं?" तसे पांगले.

पण चूक झालीच. मे महिन्यात वारा वायव्येचा. टोपीची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला केलं, धूर झकास निघाला. समुद्राकाठची पोर, पण पावसात वारा फिरतो हे विसरली. आम्हीही कुठे शहाणे, खालून वाहवा करत होतो. आषाढात नैर्ऋत्येचा वारा उठला तो थेट टोपीच्या तोंडात घुसला. पाणी आत, धूर माघारी. केतनचा फोन आला तेव्हा सीताबाईंना नेमकी उबळ आलेली. "उद्या येतो," एवढंच तो म्हणाला.

दुपारी जरा उघडीप मिळाली. दर्शना माझ्या दारात आली. "काकी, शिडी धरा."

कौलं शेवाळाने बुळबुळीत झालेली. माझा जीव टांगणीला लागला. "उतर गो बाय, हाडं मोडशील!" मी खालून ओरडले.

"मोडली तर मोडली. आयेला जाऊ देणार नाय!"

तिने स्क्रू सैल केले, टोपीचं तोंड उगवतीला फिरवलं आणि कडेला पत्र्याची पट्टी ठोकली. खाली उतरली तेव्हा कोपरं सोललेली होती. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी तिलाच रागावले.

दुसऱ्या दिवशी केतन आला तो भर पावसात. वारा नारळी वाकवत होता. मी तिथेच होते. सीताबाई चुलीपुढे बसल्या होत्या, भात शिजत होता आणि धूर गुपचूप वर जात होता. केतनने वर धुराड्याकडे पाहिलं, तशी काल दर्शनाने टोपी कशी फिरवली ते मी त्याला सांगितलं.

"आये, पिशवी भरलीस?" त्याने आईला विचारलं.

"भरलेली. काल उपसली."

"काल? टोपी चालते का नाय ते कळायच्या आधीच?"

"ती वर चढली, तवाच उपसली," सीताबाई म्हणाल्या आणि त्याच्यासाठी पाट पुढे सरकवला.