चौकात जागा नव्हती

जॉइंट एक्सरसाइजसाठी आमची तुकडी इंग्लंडला गेली, तेव्हा मी हवालदार होतो. कॅम्पशेजारी एक लहानसं खेडं होतं. रविवारी तिथे जायची परवानगी असे. सोबत लान्स नायक सदाशिव असायचा. चाकणजवळच्या एका गावचा, लग्न व्हायचं होतं.

खेडं जुनं. पूर्वी तिथे लोकरीचा धंदा चालायचा. गिरणी बंद पडली, तरणी माणसं शहरात गेली, निम्मी घरं लंडनवाल्यांनी सुट्टीसाठी घेतली. उरलेली माणसं अबोल आणि हेकट. कुंपणाच्या वादावरून दोन शेजारी कित्येक वर्षं बोलत नव्हते. पण युद्धात मेलेल्या गावकऱ्यांच्या नावांचा दगड चर्चसमोर होता. दरवर्षी ती नावं मोठ्याने वाचली जात, आणि तेव्हा ते दोघेही तिथे उभे राहत. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला हे सांगितलं.

सदाशिव म्हणाला, "उस्ताद, आमचं गावबी असंच भांडकुदळ हाय. शेतं गेली, कंपन्या आल्या. पर असा दगड न्हाई."

परतल्यावर बटालियन सीमेवर गेली. पेट्रोलिंग रोजचंच. त्या सकाळी सदाशिव सर्वांत पुढे होता. सुरुंगाचा स्फोट झाला. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. आम्ही धावलो, तसा तो ओरडला, "पुढं येऊ नका! अजून माइन्स असतील!"

मी वायरलेस सेट घेतला. "कंट्रोल, माइन ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"सॅपर्स निघालेत. कोणी हलायचं नाही. आउट."

आम्ही हललो नाही. हुकूम बरोबर होता. वाटेत आणखी माइन्स निघाल्या. सुरुंग काढणारे सॅपर्स त्याच्यापर्यंत पोचले, तोवर तो गेला होता.

रिटायर झाल्यावर मी चाकणला एका कारखान्यात सिक्युरिटीला लागलो. सदाशिवच्या गावच्या सरपंचांना भेटलो. चौकात त्याच्या नावाचा दगड बसवा, एवढंच मागितलं.

"फौजी, चौकात कंपनीच्या बसा वळतात. जागा कुठाय?"

"गावात शिरताना एवढी मोठी कमान आहे, तिला जागा मिळाली."

"ती आमच्या आबांच्या नावाची हाय."

"आबा कुठे लढले?"

सरपंच फोन कानाला लावून आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

तिथून मी सदाशिवच्या आईकडे गेलो. झालं ते सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. दगड बसवला म्हणून तो जेवाया येनार हाय का? तुमी बसा."

जेवताना तिने विचारलं, "शेवटाला काय बोलला?"

"आम्हाला थांबवलं त्याने. म्हणून आम्ही घरी आलो."



"तुमाला पोरं किती?"

"दोन."

"मोठी झाली असतील," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.